तळ्यावरची हजेरी

“वरचं बटण लावा, अप्पा.”

अप्पांनी बटण लावलं. सीटबेल्टनं मानेपासून छातीवर उठवलेला काळानिळा पट्टा झाकला गेला. लेकीनं त्यांची कॉलर नीट केली, रोज सकाळी आपल्या मुलीची करायची तशी. मुलगी समोरच्या आयसीयूच्या दाराआड होती. चार वर्षांची. नऊ दिवस झाले, अजून डोळे उघडले नव्हते.

“पुन्हा सांगा. रविवारी सकाळी कुठं होतात?”

“तळ्यावर. मास्तरांच्या गाडीतून गेलो.”

“आणि आपली गाडी?”

अप्पा जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, मिनिटाचं खोटं जड जायचं त्यांना. सात वाजून दहा मिनिटांनी त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. शेजारी बायको, ‘दमानं’ म्हणून दोनदा सांगणारी; मागं नात. पुढच्या गाडीला मागं टाकायला गेले आणि उभ्या ट्रकवर आदळले. बायको जागच्या जागी गेली. लोकांनी तिघांना ओढून काढलं, मिळेल त्या गाडीत घातलं. पोलीस पोचले तेव्हा गाडीत कोण कोण होतं, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

खरं सांगायला त्यांची ना नव्हती. आडवी आली ती मास्तरांची वही.

पक्षीनिरीक्षण मंडळाच्या सभासदांना गाडीच्या विम्यात चांगली घसघशीत सूट होती. अट एकच, वर्षातून आठ सहली, हजेरीसकट. अप्पा पहिल्या वर्षी दोनदा गेले, दुर्बिणीत बघता बघता चिखलात बसले, आणि तेव्हापासून नुसती वर्गणी भरत आले. निम्मं मंडळ तसलंच. मंडळाचे सचिव म्हणजे निवृत्त मास्तर. कुणाची सूट जाऊ नये म्हणून ते सगळ्यांची हजेरी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवायचे. अपघातानंतर विमा कंपनीनं वही मागितली. मास्तरांनी सवयीनं त्याच दिवशी पाठवून दिली. वहीत त्या रविवारी अप्पा सहा ते नऊ तळ्यावर होते.

म्हणजे अप्पा खरं बोलले तर हजेरी खोटी, विमा रद्द, नातीच्या उपचाराला कंपनीची दमडी नाही. तळ्यावर होतो म्हणाले तर सगळा खर्च कंपनीचा. मात्र मग गाडी चालवणारं एकच माणूस उरत होतं. परवाना बायकोकडेही होता.

“आई असती तर तिनंच सांगितलं असतं, घाला माझ्या नावावर म्हणून.”

“आई असती तर ही वेळ आली असती का?”

लेक दाराकडं बघून म्हणाली, “अप्पा, तिला आता काही होणार नाही. हिला होईल.”

विमा कंपनीचा तपासनीस आला तो बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून. वयानं लेकीएवढाच. बाकावर बसला, फाइल मांडीवर घेतली.

“सात पाणकावळे,” तो मंडळाच्या वहीची पानं उलटत म्हणाला. “मागच्या महिन्यातही सात. त्याच्या मागच्याही. भलतेच शिस्तीचे पक्षी आहेत तुमचे.”

“मोजणारे मास्तर आहेत,” लेक म्हणाली.

तो हसला. “आजोबा, तुम्ही तिथंच होता ना?”

“होतो.”

“मग गाडी आजी चालवत होत्या.”

अप्पांनी मान हलवली.

“तोंडानं सांगा. मला लिहायचंय.”

“ती चालवत होती.”

“एक आधीच सांगतो. चूक चालकाची ठरली की चालकाच्या मृत्यूची भरपाई नाही. मुलीचा खर्च मिळेल. चालेल?”

“चालेल,” लेक अप्पांच्या आधी म्हणाली.

“आजींचा हात कसा होता गाडीवर? घाईचा?”

“छे हो!” अप्पा एकदम सरळ बसले. “सायकलवाल्यालाही आधी जाऊ द्यायची. मागचे हॉर्न वाजवून दमायचे. मी म्हणायचो, अगं, तुझ्यापेक्षा माझा तासकाटा बरा, निदान दिसतो तरी हलताना—”

लेकीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. अप्पा थांबले.

तपासनिसाचं पेनही थांबलं होतं. “मग त्याच दिवशी असं? वळणावर, समोरचं न बघता? कसली घाई होती त्यांना?”

समोरचं दार उघडून नर्स बाहेर आली. हातात झाकलेला ट्रे होता. कुणाकडं न बघता निघून गेली. दार आपसूक, सावकाश मिटत गेलं. ते पुरतं मिटेपर्यंत अप्पा आत बघत राहिले. पलंगाची कड दिसली, आणि पांघरुणाखाली अगदी थोडीशी जागा.

“मला आणायला निघाली होती,” ते म्हणाले.

पेन चालू झालं. लेकीनं खाली बघितलं.

“सांगितलं होतं मी तिला,” अप्पा बोलत राहिले. आता कुणी काही विचारलं नव्हतं. “म्हटलं, दमानं. पोर मागं बसलीय. दोनदा म्हटलं.” त्यांनी वरच्या बटणाशी बोट नेलं, तसंच खाली आणलं. “ऐकलंच नाही तिनं.”