शिलाची अर्धी गोष्ट

शाळेत गोष्टींचं शिबिर होतं. शिबिराच्या ताईंनी बंजारा तांड्यावरच्या शिलाला उभं केलं. "घरी बोलतेस तश्शी सांग." शिलानं भीतभीत दाराकडं पाहिलं. तिथं चव्हाण गुरुजी उभे होते. तांड्याची बोली त्यांना शाळेत मुळीच चालत नसे. तरी तिनं त्याच बोलीत, गोरमाटीत, सुरुवात केली. शेजारी बसलेल्या दीक्षाला एक शब्द कळेना, पण अंगावर काटा आला. ऐन रंगात शिला अडली. पुढचं आठवेना.

तेवढ्यात गुरुजींनी दारातूनच पुढची गोष्ट सांगायला घेतली, अस्सल गोरमाटीत, पार शेवटपर्यंत.

दीक्षा बघतच राहिली. "गुरुजी, तुमाला कसं येतं?"

"माझी आई सांगायची," गुरुजी म्हणाले. मग शिलाकडं बघून हळूच म्हणाले, "माझी याडी."