अठरा नोव्हेंबरची नोंद

अठरा नोव्हेंबरच्या यादीत ‘जन्म’ या शब्दाखाली एक ओळ रिकामी होती. ती सागिनबेक ओरोझोवसाठी ठेवलेली होती. त्याने स्वतः ठेवलेली नव्हती. संपादक चिनाराने ठेवली होती, आणि वर थोरल्या भावाला म्हणावं तसं ‘बायके’ म्हणत त्याला दटावलंही होतं.

“लाजू नका, बायके. एकतीस वर्षं लोकांना जन्माला घातलंत, लोकांना मारलंत. आता एकदा स्वतःला जन्माला घाला.”

डोंगराळ नारिनकडच्या एका तालुक्याच्या साप्ताहिकात ‘आजचा दिवस’ हे सदर सागिनबेक लिहायचा. घटना, जन्म, मृत्यू. अंक गुरुवारी निघायचा, त्यामुळे ज्यांची तारीख इतर वारी येई त्यांना ताटकळावं लागे. यंदा अठरा नोव्हेंबर गुरुवारी येत होता, त्याच दिवशी सागिनबेकला त्रेसष्ट वर्षं पूर्ण होत होती आणि त्याच दिवशी तो निवृत्त होत होता. कशाला उगाच, असं तो चारचौघांत म्हणत होता. पण ती रिकामी ओळ त्याने त्या आठवड्यात तीनदा जाऊन पाहिली होती.

अडचण एकच होती. दोन पुराव्यांशिवाय त्याने आजवर कुणालाही यादीत घेतलं नव्हतं. तालुकाप्रमुखाचे सासरे नावाजलेले घोडेस्वार होते. त्यांचा दाखला मार्च सांगायचा, बायको सफरचंदांचा हंगाम सांगायची. सागिनबेकने त्यांना सात वर्षं बाहेर बसवलं. शेवटी ते वारले तेव्हा त्यांना मृत्यूखाली घेतलं. तिथे पुरावा पक्का होता.

मग स्वतःसाठी नियम कसा मोडणार? जन्मदाखला हा एक पुरावा. दुसरा पुरावा म्हणजे आई. बुधवारी सकाळी वही घेऊन तो तिच्याकडे गेला.

ब्याऐंशी वर्षांची बुरुल-आपा चुलीपाशी बसून पीठ चाळत होती. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला ती सात तोकोच तळायची. त्या भाकऱ्यांच्या तेलाचा वास मेलेल्या माणसांपर्यंत पोचतो, अशी तिकडची समजूत. बापासाठी, आजोबांसाठी असतील, असं सागिनबेकने धरून ठेवलं होतं. विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

“आपा, उगाच आपली एक औपचारिकता. अठरा नोव्हेंबरला तुला मुलगा झाला, एवढं सांग.”

“झाला की. बर्फ पडत होतं.”

त्याने लिहून घेतलं. आणखी एखादा तपशील असावा म्हणून विचारलं, “लगेच रडला?”

“घर डोक्यावर घेतलं. तू नव्हतास रडला. तू नुसता बघत राहिलास.”

सागिनबेकचं पेन थांबलं. “मग रडला कोण?”

“सागिनबेक,” आई म्हणाली.

मग तिने चाळण खाली ठेवली आणि मिठाची बरणी कुठे आहे ते सांगावं तसं सगळं सांगितलं. पहिला मुलगा दहा महिन्यांचा झाला. तंबूची दोरी धरून उभा राहायला लागला होता. उन्हाळी कुरणावर गोवराने गेला. पुढे मेंढ्या व्यायच्या दिवसांत दुसरा झाला. नव्या जन्मदाखल्यासाठी दोन दिवस घोड्यावरून जायचं, आणि मेंढ्या कुणावर टाकायच्या?

“घरात एक कागद होताच. शिक्का होता, नाव चांगलं होतं. तुझा बाप म्हणाला, वाया कशाला घालवायचा.”

“म्हणजे मी त्रेसष्टचा नाही?”

“एकसष्टचा असशील. साठचाही असशील. मी तेव्हा कोकरं मोजत होते.”

“आणि तारीख?”

“थंडी कमी झाली होती, बोतोम.” लहानपणी लाडाने हाक मारायची तशीच ती म्हणाली.

एकतीस वर्षं ज्याने तालुक्याला तारखा वाटल्या, त्याला स्वतःला वर्षातल्या एकाही गुरुवारी जागा नव्हती. शिवाय दोन वर्षांची नोकरी गेली होती ती वेगळीच. सागिनबेकला आईचा राग आला, आणि तो त्याने लपवला नाही.

“साठ वर्षांत एकदा सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं तर त्याचा वाढदिवस बंद पडला असता,” ती म्हणाली. “तुझ्यामुळे दरवर्षी माणसं येतात, जेवतात, त्याचं नाव घेऊन दुवा देतात. मी एकटी ते कसं करणार होते?”

तिने पुन्हा चाळण उचलली. “उद्या पेपरात येणार आहे ना? मला त्याचं नाव छापलेलं बघायचंय.”

सागिनबेकने वही मिटली. चहा न घेताच तो उठला.

कार्यालयात चिनाराने ओळ आधीच भरून ठेवली होती: सागिनबेक ओरोझोव, ज्येष्ठ पत्रकार, या सदराचे लेखक. त्याने नाव आणि साल ठेवलं. बाकीचं खोडलं.

“बायके, एवढंच? तुम्ही कोण ते लोकांना कळायला नको?”

“जेवढ्याला दोन पुरावे आहेत तेवढंच ठेवलंय.”

“स्वतःच्या बाबतीतही तुम्ही असेच,” चिनारा म्हणाली आणि पान छापायला गेलं.

गुरुवारी सभागृह भरलं होतं. सागिनबेकच्या खांद्यावर मानाचा झगा चढवला गेला, डोक्यावर पांढरी लोकरी नमद्याची टोपी आली. तालुकाप्रमुखाने सासऱ्यांचा विषय काढला नाही. पहिल्या रांगेत आई बसली होती. अंक मांडीवर पसरून ती त्या एका ओळीवरून बोट फिरवत होती, शेवटाला पोचली की पुन्हा पहिल्या अक्षराशी यायची. चिनाराने त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठला आणि त्याने छातीवर हात ठेवला.

“आमच्या घरातर्फे तुम्हा सगळ्यांचे आभार,” तो म्हणाला. “माझा भाऊ आज त्रेसष्ट वर्षांचा झाला.”