मेघाश्रीची कंबर

चामराजपेटच्या त्या एकत्र कुटुंबात गौरी जेवणाच्या दिवशी धाकट्या जावेची, मेघाश्रीची, कंबर नेमकी धरायची. मोठ्या जावेने, लक्ष्मीदेवीने, बारा वर्षं दरवेळी दीडशे पुरणपोळ्या एकटीने लाटल्या, दात-ओठ खात.

यंदा मेघाश्रीने दुखणं पळवणारे फ्रिक्वेन्सीचे पट्टे विकायला घेतले. जाहिरातीच्या व्हिडिओसाठी फोन मोठ्या जावेच्याच हाती दिला. "अक्का, नीट धरा हं." मग कमरेला बांधलेला पट्टा थोपटत म्हणाली, "माझी कंबर पार बरी झाली! आता दिवसभर उभी राहते!"

"स्वल्प जोरात बोल गं," लक्ष्मीदेवी म्हणाली. मेघाश्री आणखी जोरात बोलली.



लक्ष्मीदेवीने तो व्हिडिओ आधी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "यंदा गौरीच्या पोळ्या मेघाश्री लाटेल. माझी कंबर धरलीय."