चपलांचे अकरा जोड

"दारात बुटांचे चार जोड. घरात पाहुणे आहेत?" बाओ अंकलनी स्वतःचे बूट काढता काढता विचारलं.

"छे, सगळे माझ्या लेकीचे," सुनीती हसली. "या, आत या."

वकील असली तरी मॉसन लेक्स या उपनगरातल्या तिच्या घरी रविवारी दुपारी अशील वगैरे कोणी येत नसे. पण तिची अशील लिन हिच्या आश्रयाच्या अर्जाची सुनावणी उद्या होती. लिनच्या देशात एकच पक्ष, लाल झेंड्याचा. बाकी सगळ्यांवर बंदी. तरीही ही मुलगी एका चिमुकल्या उदारमतवादी पक्षात होती, आणि ते सिद्ध करायला तिच्याजवळ कागदाचा कपटाही नव्हता. सिद्ध झालं नाही, तर परतीचं विमान आणि तिथून थेट तुरुंग.

"मेंबरशिप कार्ड नाही? निदान व्हॉट्सॲप ग्रुप?" सुनीतीच्या नवऱ्याने, हृषिकेशने, सकाळीच विचारलं होतं. "आपल्या मंडळात दहा माणसांमागे तीन ग्रुप आहेत!"

"तिथे नाव लिहिलं की माणूस आत जातो, हृषी. ते एकमेकांच्या चेहऱ्याकडेसुद्धा बघायचे नाहीत. पकडलं गेलं तर कोणाला ओळखता येऊ नये म्हणून."

बाओ अंकल मात्र देवासारखे धावून आले होते. तीन वर्षांपूर्वी लिनच्याच पक्षाचे म्हणून त्यांना ऑस्ट्रेलियात आसरा मिळाला. आता ते युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत सफाईचं काम करत. लिनची हकिगत कानावर आली आणि त्यांनी आपणहून फोन केला.

सुनीतीने लॅपटॉप उघडला. "लिनच्या मावशीकडची बैठक आठवते?"

"वाढदिवसाचं निमित्त होतं. लिन चार वाजून दहा मिनिटांनी आली. पिवळी छत्री, हातात केकचा खोका. दारात चपलांचे अकरा जोड. सव्वासहाला एकेक जण निघाला. लिन सगळ्यांत शेवटी, बाजूच्या गल्लीने."

सुनीतीची बोटं भराभर चालली. लिनने सांगितलेलं सगळं जुळत होतं, छत्रीच्या रंगासकट. तिला इतका आनंद झाला की उठून त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"केक कसला होता?"

"माहीत नाही."

"भाषण कोणी केलं?"

"ऐकू आलं नाही."

सुनीतीला गंमत वाटली. तिच्या सासऱ्यांचंही असंच. लग्नात जेवण काय होतं ते आठवायचं नाही, सगळं लक्ष बाहेर काढलेल्या चपलांवर.

तिने जबाब छापून त्यांच्यासमोर ठेवला. "नीट वाचा आणि खाली सही करा. चहा टाकते."

चहा आला, निवला, तरी अंकल पहिल्याच पानावर. "साक्षीदार त्या वेळी कुठे होता?" या प्रश्नापुढे सुनीतीने आपणच लिहून टाकलं होतं: बैठकीच्या खोलीत.

"यातलं एखादं वाक्य खोटं निघालं तर?" त्यांनी विचारलं.

"मग सगळ्यावर पाणी. लिनला परत पाठवतील."

"आणि सगळं खरं असलं तर?"

"तर लिन सुटली, अंकल. तुमच्याइतकं बारीक कोण सांगणार?"

अंकलनी पेन उचललं आणि ते दोन शब्द सावकाश खोडले.

"आत मी कधी गेलोच नाही," ते म्हणाले. "समोरच्या गच्चीवर माझी सरकारी ड्युटी असायची."