निळी काच

अप्पा शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीवर होते. भट्टी पेटली की त्यांना हाक मारायची नाही. लक्ष हललं की भाजलंच. वायू गिळून भडकणारे कोवळे तारे मी रेडिओ दुर्बिणीनं टिपते म्हटल्यावर हसले, "भंगार पडलं की भट्टी भडकतीच की." आणि वितळलेलं लोखंड बघायची निळी काच मला दिली. रेडिओ दुर्बिणीला डोळा लावायचा नसतो, हे सांगितलं नाही. सोमवारी तारा भडकला. दुर्बिणीपाशी मोबाईल चालत नाही. तारा भडकलाय एवढं घरी कळवून तो बंद केला, दोन दिवस मोजमापं घेतली. चालू केल्यावर कळलं, अप्पा गेले. घरी आमच्या लिंगायत रीतीनं त्यांना विभूती लावून बसवलेलं. अव्वा, माझी आई, म्हणाली, "दुखणं वाढलं तवा तुझ्या हापिसात फोन करतो म्हटलं, तर त्यांनीच अडवलं. भट्टी पेटलीया, पोरीला हाक मारू नगंस म्हणाले." मी काच त्यांच्या मांडीवर ठेवली. कानाशी वाकून हाक मारली.