प्रणिता लंडनला गेली

तालुक्याचे साहेब मोहनराव यांनी प्रणिताच्या खांद्यावर शाल घातली, तेव्हा तिचा व्हिसा नाकारला गेलाय हे मंडपात तिघांनाच ठाऊक होतं. एक ती स्वतः, दुसरे तिचे वडील बसप्पा आणि तिसरी आई शांतादेवी. बाकी सगळं सिरसाळा गाव टाळ्या वाजवत होतं.

मेल सकाळीच आली होती. पण साहेबांची तारीख महिन्याभरापूर्वी घेतलेली, आणि मोहनरावांची तारीख मोडायची हिंमत त्या बाजारपेठेत कुणाच्याच अंगात नव्हती. चौकात फ्लेक्स लागला होता. त्यावर मोहनराव पुरुषभर उंच, विमान त्यांच्या निम्मं, आणि शिकायला लंडनला निघालेली प्रणिता खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी.

मेलपाठोपाठ पुण्याच्या एजंटचा फोन आला होता. "काका, ते पुढाऱ्याचं पत्र फाईलमध्ये कुणी घातलं?"

बसप्पांनीच घातलं होतं, मुंबईला कागद द्यायच्या दिवशी, कुणाला न विचारता. आपल्याकडे दवाखान्यात खाट मिळवायची म्हटली तरी साहेबांचं पत्र लागतं, मग लंडन काय आभाळातून पडलंय? साहेबांनीही हात आखडता घेतला नव्हता. ही गुणी मुलगी तिकडेच कायमची स्थायिक होऊन तालुक्याचं नाव उज्ज्वल करील, अशी हमीच त्यांनी लिहून दिली होती. तिकडच्या अधिकाऱ्यांनी नेमकं तेच वाक्य उचललं. विद्यार्थ्यानं शिकून परत जायचं असतं, हे ना साहेबांच्या डोक्यात आलं, ना बसप्पांच्या.

"पुन्हा अर्ज करता येईल," एजंट म्हणाला होता. "पण त्यांच्याकडून लिहून आणा, की ते वाक्य चुकून पडलं. नाहीतर विसरा."

चार ओळींचं दुसरं पत्र, एवढंच हवं होतं. आणि पत्र देणारा माणूस हातभर अंतरावर बसून फेटा सावरत होता.

"अप्पा, मागा ना," प्रणिता कुजबुजली. "आत्ता लई खुशीत हायेत ते."

"येडी का काय तू? भर मंडपात त्यांची चूक दाखवू? आडतीचं लायसन त्यांच्या हातात हाय. उद्या दुकानाला कुलूप घालतील."

"मग मी मागते."

मोहनराव माईकपाशी गेले. "आमी एक पत्र दिलं, अन् पोरीला लंडनचं दार उघडलं!" ते म्हणाले. मंडप दणाणला. मग सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत म्हणून माईक प्रणिताच्या हातात आला. तिनं आभार वगैरे काही मानले नाहीत.

"साहेब, मला तुमचं अजून एक पत्र पायजे."

लोक हसले. मोहनरावही हसले. "अगं, एक कावून, दहा घे! पण कशापायी?"

तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात बसप्पांनी तिच्या हातातून माईक काढून घेतला.

"काय न्हाई साहेब. परदेशात आठवण म्हणून जवळ ठेवायचं म्हणती."

मोहनरावांना गहिवरून आलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि टाळ्यांचा पुन्हा कडकडाट झाला. प्रणिताला त्या मेलचा जेवढा राग आला नव्हता तेवढा बापाचा आला. आणि बापाच्या कपाळावरचा घाम बघून त्याची कीवही आली.

वाजतगाजत गावाच्या वेशीपर्यंत सोडायला लोक आले. शांतादेवींनी हातावर दही घातलं आणि कानाशी लागून सांगितलं, "उदगीरला आत्याकडं गप राहा. मोबाईलवर फोटो टाकू नको. कोर्स संपायच्या वक्ताला आली म्हणून सांगू गावात."

"आई, आजून बी बोलता येतंय साहेबांशी."

"गाव हसंल गं," आई म्हणाली आणि जीपचं दार लावलं.

बसप्पा स्वतः गाडी चालवत होते. गाव दिसेनासं होईपर्यंत त्यांनी गाडी मुंबईला निघाल्यासारखी बीडच्या दिशेनं नेली, मग आडरस्त्यानं वळवून उदगीरच्या वाटेवरच्या अंबाजोगाईला आणली. अंबाजोगाईच्या बाजारात एक ट्रक आडवा लागला होता. गाडी थांबली. फुटपाथवरून कुणीतरी हात केला. केदारनाथ कापडवाले, बसप्पांच्या जुन्या ओळखीचे.

"खाली हो," मान न वळवता बसप्पा म्हणाले.

प्रणिता मागे दोन सीटांच्या मधे आडवी झाली. आडतीची रिकामी पोती पडली होती, ती तिनं अंगावर ओढून घेतली.

केदारनाथ खिडकीशी आले. "अण्णा! आज तर लेकीचा सत्कार होता की. गेली का?"

"गेली," बसप्पा म्हणाले. "मामासंगं मुंबईला धाडलं. मला काय बघवंना, मी मागंच राहिलो. घर खायला उठलंय बघा."

स्टेअरिंगवर कपाळ टेकवून ते हुंदके देऊ लागले. त्यात नाटक नव्हतं.

केदारनाथांनी खिडकीतून हात घालून त्यांच्या पाठीवर ठेवला. "असं कावून करता अण्णा? पोरगी शिकायला गेलीय. मेली न्हाई."

पोत्यांची धूळ प्रणिताच्या नाकात गेली होती. शिंक येऊ नये म्हणून तिनं दोन्ही हातांनी नाक घट्ट दाबून धरलं.