तिसरं उत्तर

स्वयंपाकघरातल्या यंत्राने घरखर्च पाहणीचा या महिन्याचा प्रश्न विचारला, "महागाई वाढली का?"

इंदूबाई आणि त्यांचे पती भास्करराव दोघांनीही "हो" म्हणून सांगितलं.

"तिसऱ्या सदस्यालाही प्रश्न पाठवला आहे, पण त्याचं उत्तर बाकी आहे. संध्याकाळपर्यंत आलं नाही, तर घराचं पाणी बंद होईल," यंत्र म्हणालं.

तिसरा सदस्य म्हणजे सक्तीच्या लष्करभरतीतून पळून गेलेला त्यांचा मुलगा, नितेश.

"तो गेला तेव्हाच नाव कमी करायला हवं होतं," भास्करराव म्हणाले.

"जिवंत पोराचं नाव कमी करू?" इंदूबाई हंडे भरत राहिल्या.

दिवेलागणीला यंत्रातून नितेशचाच आवाज आला. "हो, वाढली. आईचं पाणी तोडू नका."

इंदूबाईंनी नळ बंद केला.

"सहभाग पूर्ण झाला, धन्यवाद," यंत्र म्हणालं. "उत्तर कुठून आलं, ते भरती कार्यालयाला कळवलं आहे."